दुपारचे गरम पाणी

मित्रांनो, बाथरूममध्ये शिरलात की एकदा वर बघा. दिव्याकडे नको, त्याच्या शेजारी. पोट सुटलेला, एके काळी पांढरा असलेला, खालच्या बाजूला गंजाचा डाग पडलेला जो दिसतो, तो मी. मी एक जुना गीझर आहे. माझ्याकडे सहसा कुणी बघत नाही, आणि बघितलेच तर ओरडण्यासाठी बघतात. त्यामुळे आज तुम्ही मुद्दाम बघता आहात म्हटल्यावर मला जरा संशयच येतो. वाईट वाटून घेऊ नका. संशय घेणे हा माझा स्वभाव आहे.

खरे तर माझा जन्मच संशयात झाला. कारखान्यात पत्रा वाकवून माझे पोट बनवले, जोड पक्का केला, आणि लगेच एका माणसाने मला हौदात बुडवून माझ्या पोटात हवा भरली. कुठून बुडबुडा येतो का, ते तो डोळे बारीक करून बघत राहिला. "गळत नाही असं वाटतंय, म्हणजे नक्की कुठेतरी गळत असणार," असे शेजारच्याला म्हणून त्याने मला पुन्हा बुडवले. मी गळलो नाही. तरी तो मान हलवतच गेला. जगात आल्या आल्या असे स्वागत झाल्यावर कुणी भोळा कसा राहील, तुम्हीच सांगा.

मग माझ्या पोटात पाणी तापवणारी कॉइल बसली, अंगाला रंग लागला, पुढे लाल दिवा लागला आणि मी दुकानात आलो. तिथे गिऱ्हाइके येत, माझ्या पोटावर टिचक्या मारत, नाक मुरडत आणि पुढे जात. शेवटी एक तरुण जोडपे आले. त्यांनी नुकते घर थाटले होते. घरात बसायला धड खुर्ची नव्हती, पण मला आधी आणले. पहिल्याच सकाळी ती तरुण बाई माझ्याखाली उभी राहून मोठ्याने म्हणाली, "अहो, बटण दाबलं की गरम पाणी! मला तर राणी झाल्यासारखं वाटतंय!" मी मनात म्हटले, बघू किती दिवस टिकते हे.

पुढे या दोघांना मुलगी झाली. तिचे खरे नाव वेगळे आहे, पण घरात सगळे तिला ठमी म्हणतात. तेव्हापासून त्या दोघांना मीही आई आणि बाबा म्हणू लागलो. ठमी तान्ही असताना माझा मोठा मान होता. पाणी किती तापले, किती निवले, याची सतत विचारपूस होई. मग ठमी मोठी झाली, घरात खुर्च्या आल्या, सोफा आला, धुलाईचे यंत्र आले, आणि माझी गणना भिंतीत होऊ लागली. आमच्या भागातले पाणी जड. त्यातले क्षार वर्षानुवर्षे माझ्या पोटात थर धरून बसले. पाणी तापायला वेळ लागू लागला. मग रोज सकाळी बाहेरून आईची थाप पडे. "झालं का तापून? या डबड्याला एकदाचं भंगारात द्या हो!" राणीचे राज्य कधी संपले, ते तिचे तिलाही कळले नव्हते.

त्याच सुमारास आत्या आल्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. जन्मभर मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवले, एकट्या राहिल्या, आणि त्यांचे भाड्याचे घर पाडायला निघाले तेव्हा एक बॅग घेऊन इथे आल्या. "दुसरं घर मिळेपर्यंत," असे त्यांनी दारातच सांगितले. घर काही मिळेना. मिळण्यासारखे नव्हतेच, हे सगळ्यांना ठाऊक होते, पण बोलत कुणी नव्हते.

आता आमच्या बाथरूमची आणि स्वयंपाकघराची भिंत एक आहे आणि ती पातळ आहे. एका संध्याकाळी पलीकडून आईचा आवाज आला. "ताई इथेच राहणार का कायमच्या?"

"बघू," बाबा म्हणाले. बाबांचे सगळे मोठे निर्णय या एका शब्दात असतात.

"बघू काय? मी नको म्हणत नाहीये. पण एका घरात राहायचं तर भरवसा नको का? त्या मोकळं बोलतच नाहीत. काहीही विचारा, 'ठीक आहे.' मनात काय चाललंय, काय कळायचं माणसाला? मला तर त्यांची भीतीच वाटते."

मित्रांनो, आत्या तेव्हा माझ्याखाली तोंड धूत होत्या. त्यांनी नळ हळूच बंद केला, ओल्या तोंडाने सगळे ऐकले, आणि बाहेर गेल्यावर आईने "चहा घेता ना?" असे विचारले तेव्हा म्हणाल्या, "ठीक आहे."

मलाही आत्यांचा संशय येऊ लागला तो तेव्हापासून. ही बाई आंघोळीला सगळ्यांच्या शेवटी येते, नळ अर्धाच सोडते, अर्ध्या बादलीत आंघोळ उरकते. एवढे कमी पाणी घेणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असणारच, असे मी ठरवून टाकले. आणि थंडी पडली तसा माझा संशय खराही ठरला.

दुपारी मला कुणी हात लावत नाही. आई-बाबा कामावर असतात, ठमी शाळेत. पण एका दुपारी अचानक माझा लाल दिवा लागला. माझे बटण बाहेर आहे, त्यामुळे कुणी दाबले ते दिसले नाही. पाणी तापले, दार उघडले आणि आत एक अनोळखी बाई आली. पदराखाली काहीतरी लपवले होते. बाहेरून आत्यांचा दबका आवाज आला, "आतून कडी लावून घे. आणि घाबरू नकोस, कुणी नाही घरात."

झाले! मी मनात म्हटले, ही तर उघड उघड मिलीभगत आहे. घरच्या माणसाने चोराला दार उघडून दिले.

बाईने पदर काढला. आत एक बाळ होते, मूठभर, नाक लाल झालेले. तिने बादलीत थोडे पाणी काढले, आणि मग तिने जे केले ते मी कुणालाच करताना पाहिले नव्हते. तिने पाण्यात दोन्ही हात बुडवले आणि नुसती बसून राहिली. तिच्या हातांना सिमेंटने भेगा पडल्या होत्या. डोळे मिटून ती बसली आणि बाळ तिच्याकडे बघत बसले. कोणता चोर चोरलेल्या मालात असे हात बुडवून बसतो? ही नक्की काहीतरी बेत करते आहे, असे मला वाटले. मग तिने बाळाला टबात बसवून आंघोळ घातली, उरलेले पाणी स्वतःच्या अंगावर घेतले, आणि कपडे घालून फडके हातात घेतले.

तिने फरशी पुसली. बादली पुसली, पाणी घ्यायचा मग पुसला, आरसा पुसला. नळावर वर्षानुवर्षांचे पांढरे डाग होते, तेही घासून काढले. कोपऱ्यात पडलेला ठमीचा टूथब्रश उचलून जागेवर ठेवला. मी वरून बघत होतो आणि माझी खात्रीच पटली. पुरावा नष्ट करते आहे ही!

मग ती एक दिवसाआड येऊ लागली. तेच दबके बोलणे, तेच हात बुडवून बसणे, तीच पुसापुशी. बाहेरच्या बोलण्यावरून मला एवढे कळले की रस्त्याच्या टोकाला जी नवी इमारत उभी राहते आहे, तिथल्या फरशीवाल्याची ती बायको, आणि तिथेच पत्र्याच्या खोलीत राहते. आत्यांना डॉक्टरांनी गुडघ्यासाठी चालायला सांगितले होते. चालता चालता त्यांनी हे बाळ उघड्यावर गार पाण्याने न्हाताना पाहिले म्हणे. म्हणे! मी असल्या गोष्टींवर चटकन विश्वास ठेवत नाही.

आणि मित्रांनो, या दोघी पकडल्या गेल्या त्या कशामुळे, माहीत आहे? काही हरवल्यामुळे नाही, काही बिघडल्यामुळेही नाही. पकडल्या गेल्या त्या स्वच्छतेमुळे.

आई कामावरून आली, हात धुवायला आत शिरली आणि थबकली. "अहो, जरा इकडे या. बाथरूम कोरडी आहे."

"मग चांगलंच आहे की," बाबा बाहेरून म्हणाले.

"चांगलं काय? आपल्या घरात बाथरूम पुसतं कोण? मी पुसलेली नाही. ठमी जन्मात पुसणार नाही. आणि तुम्ही..."

"मला फडकं कुठे असतं तेही माहीत नाही," बाबांनी लगेच आपली बाजू मांडली.

"तेच म्हणतेय मी. आणि हा नळ बघा. चकाकतोय! काहीतरी भानगड आहे."

पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यासारखा विचार करत होते. मला आईबद्दल एकदम आपुलकी वाटली. तिने माझ्या अंगाला हात लावून पाहिला. मी अजून कोमट होतो. तिचे डोळे बारीक झाले, अगदी कारखान्यातल्या त्या माणसासारखे.

तिने आत्यांना विचारले, "ताई, दुपारी गीझर लावता का तुम्ही?"

 "गुडघ्याला शेक घेते," आत्या म्हणाल्या.

"मग सांगायचं ना तसं. मी काय नाही म्हटलं असतं?"

"नाही, तसं नाही. ठीक आहे."

ते "ठीक आहे" ऐकून आईचा चेहरा पडला. सरळ विचारूनही सरळ उत्तर मिळाले नव्हते, आणि ते तिला कळले होते. रात्रीच्या जेवणानंतर भिंतीपलीकडून ती बाबांना म्हणाली, "मी सांगते तुम्हाला, त्या खोटं बोलताहेत. असंच चालायचं असेल तर त्यांची दुसरीकडे सोय बघा. मला नाही जमणार." या वेळी बाबांनी "बघू"सुद्धा म्हटले नाही.

पुढच्याच खेपेला बाळाचे टोपडे बादलीमागे राहिले. आईला ते सापडले. मुठीत मावेल एवढेसे, हाताने शिवलेले, बारीक सुबक टाके. आईने कापड उलटसुलट करून पाहिले. ठमीचा जुना फ्रॉक होता तो. तिनेच जुन्या कपड्यांत टाकून दिला होता. तिने ते टोपडे पर्समध्ये घातले, कुणाला काही बोलली नाही, आणि दोन दिवसांनी भर दुपारी घरी परत आली. बाहेर तिच्या चपला वाजल्या तेव्हा, खरे सांगतो, मला आनंद झाला. आता कळेल सगळे, असे मी म्हणत होतो.

दारावर थाप पडली. "कोण आहे आत?"

फरशीवाल्याची बायको दगडासारखी बसली. तिने वरच्या झरोक्याकडे पाहिले. त्यातून मांजरही गेले नसते. टबात बाळ मात्र पाय आपटत खिदळत होते, त्यामुळे कुणी नाही असे म्हणायचीही सोय नव्हती. तिने कडी काढली.

दारात आई, मागे आत्या. आत्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती बाई भराभर बोलू लागली, "पुसते वहिनी, सगळं पुसून जाते. कशाला हात नाही लावला. हे बघा, आत्ता पुसते." आणि एका हातावर ओले, उघडे बाळ घेऊन ती दुसऱ्या हाताने खरोखरच फरशी पुसायला वाकली. उघड्या दारातून गार वारे आत आले. बाळाचे खिदळणे थांबले आणि त्याची हनुवटी थरथरू लागली.

"अगं, फरशी काय पुसतेस?" आई ओरडली. "त्याला पूस आधी!"

आणि तिने स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून बाळाला गुंडाळले. भांडायला आलेली बाई बाळ छातीशी धरून बाथरूमच्या दारात उभी राहिली. काय बोलायचे ठरवून आली होती, ते सगळे विसरली असावी. तिने नुसते विचारले, "तिकडे आंघोळीचं काय करता तुम्ही?"

"टाकीचं पाणी असतं ना, वहिनी. डबा काळा रंगवलाय, तो उन्हात ठेवते. ऊन पडलं तर दुपारपर्यंत कोमट होतं. नाही पडलं तर नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. तसंच घालायचं, नाहीतर राहू द्यायचं." मग ती थोडी हसली. "हा तिकडे पाणी दिसलं की रडायला लागतो. आणि इथं आला की पाय मारतो. त्याला वाटत असेल, पाणी दोन जातीचं असतं."

आईने बादलीत पाहिले. पाव बादली पाणी होते. "एवढ्यात तुमच्या दोघांचं होतं?"

"पुष्कळ होतं, वहिनी."

मित्रांनो, मी इतकी वर्षे लोकांच्या तोंडून "पुरत नाही", "तापत नाही", "अजून हवं" हेच ऐकत आलो. पुष्कळ हा शब्द माझ्या पाण्याबद्दल मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. माझ्या संशयाची तिथेच वाफ झाली.

पण खरी गाठ पुढेच होती. ती बाई बाळाला कपडे घालू लागली, आणि आई आत्यांकडे वळली. "केव्हापासून चाललंय?"

"थंडी पडल्यापासून."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही?"

"घर तुझं आहे," आत्या म्हणाल्या.  "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. तू नाही म्हटल्यावर मला करता आलं नसतं. म्हणून विचारलंच नाही. माझी बॅग भरलेली आहे. ही आली त्या पहिल्या दिवशीच भरून ठेवली. म्हटलं, कळेल तेव्हा कुणाला काही बोलायला लागू नये."

"बॅग भरून ठेवलीत?" आईला ते फार लागले. "इतकी वाईट वाटले मी तुम्हाला?"

आत्यांनी मान खाली घातली. या वेळी "ठीक आहे"सुद्धा नाही.

आई कोपऱ्यातल्या दुसऱ्या, पालथ्या बादलीवर बसली. त्या चकचकीत नळाकडे बघत म्हणाली, "खरं सांगू, ताई? नाहीच म्हटलं असतं मी. अनोळखी बाई, घरात कुणी नसताना... शंभर शंका काढल्या असत्या. तुम्ही मला बरोबर ओळखलंत, त्याचाच राग येतोय मला."

मग तिने पर्समधून टोपडे काढले, बाळाच्या डोक्यावर घातले, आणि त्या बाईला म्हणाली, "उद्यापासून ऊन असो नसो, रोज ये. बेल वाजवून ये. आणि पाणी नीट घे, ही काय पाव बादली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आई माझ्याखाली आली. पाणी नेहमीसारखेच उशिरा तापले होते आणि नेहमीसारखेच बेताचे गरम होते. मी शिव्यांची वाट बघत होतो. तिने बादलीत हात घातले आणि तसेच ठेवले. "गरम आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "घरबसल्या मिळतंय, बटण दाबलं की. आणि मी रोज कुरकुर करते." तिच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते लपवायला तिथे तोंड धुण्याची सोय होतीच.

मला बरे वाटले, पण फार नाही. इतक्या वर्षांनी कुणी कौतुक केले की समजावे, काहीतरी शिजते आहे. आणि झालेही तसेच. रविवारी हत्यारांची पेटी घेऊन एक मेकॅनिक आला आणि त्याने मला भिंतीवरून उतरवले. संपलो, मी म्हटले. कौतुक होते ते निरोपाचेच होते. पण त्याने माझे पोट उघडले आणि ओंजळी भरभरून खडे बाहेर काढले. "पोटात दगड घेऊन काम करत होता हो हा. कधी साफ केला नव्हता का?" त्याने विचारले. आई, बाबा, ठमी, तिघे एकमेकांकडे बघू लागले. मला भंगारात नव्हे, दुरुस्तीला काढले होते.

फरशीवाल्याची बायको थंडीभर बेल वाजवून येत राहिली. मग इमारत पुरी झाली आणि ते लोक दुसऱ्या कामावर दुसऱ्या गावी गेले. तिथे बाळाला कोणत्या जातीचे पाणी मिळते, मला माहीत नाही. मला त्याची अधूनमधून काळजी वाटते.

पण एक सांगायचे राहिले, ते त्या मेकॅनिकच्या दिवसाचे. आत्यांची बॅग तेव्हाही भरलेलीच होती. कुणी जा म्हणाले नव्हते, पण कुणी राहा असेही म्हणाले नव्हते, आणि मीही पुन्हा संशयाने कान लावून होतो. मेकॅनिक आवरून निघाला तेव्हा आई त्याला म्हणाली, "ड्रिल आणलंच आहे, तर इथे भिंतीला अजून एक हूक लावून द्या." हूक लागला. तशी आईने तिथूनच जोरात हाक मारली, "ताई! टॉवेल आणा तुमचा. ओला टॉवेल खोलीत खुर्चीवर टाकता रोज, वास मारतो तो! सगळ्यांचे असतात तिथे टांगत जा."

आत्या टॉवेल घेऊन आल्या. इतके महिने त्या आंघोळ झाली की तो पिळून परत घेऊन जात होत्या, आणि प्रत्येक गोष्टीचा संशय घेणाऱ्या माझ्या हे एकदाही लक्षात आले नव्हते. त्यांनी तो हुकावर टांगला, सरळ केला, पुन्हा सरळ केला. "ओरडतेस किती गं," त्या आईला म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

तेव्हा मित्रांनो, सकाळी पाणी गरम आले तर क्षणभर हात त्यात ठेवा आणि मगच घाई करा. माझ्यासारखा कुणी तुमच्या घरी असेल तर वर्षातून एकदा त्याच्या पोटातले दगड काढा. आणि घरात कुणी राहायला आलेले असेल, तर ते माणूस काय बोलते यावर जाऊ नका. त्याचा टॉवेल कुठे वाळतो, तेवढे बघा.